स्पंज धुऊ नका

दोन दिवस त्यांना उपाशी ठेवलंय.
स्वरांगीला हे अजिबात पटलेलं नाही.
माणसं प्रवासाला निघताना दशम्या बांधून घेतात,
मग यांनीच का रिकाम्या पोटी जायचं?
मी म्हणालो, पिशवीत संडास नसतो बाळा.
ती हसली. मग काचेला नाक लावून
एकेकाची माफी मागत बसली.

कुर्ल्याच्या कयूमभाईंनी सगळं समजावलं होतं:
पाणी एक वाटा, हवा दोन वाटे.
पिशवी दुहेरी, कोपरे वळवून बांधलेले,
नाहीतर नेमका धाकटाच कोपऱ्यात शिरून अडकतो.
सकरला पिशवी नको, त्याच्या काट्यानं फुटते,
त्याला श्रीखंडाचा डबा द्या, किलोचा.
आणि ऐका, फिल्टरचा स्पंज धुऊ नका.
कितीही घाण दिसला तरी.
जुन्याच पाण्यात बुडवून न्या.
डोळ्यांना दिसत नाही असं काहीतरी त्यात राहतं,
त्याच्या जिवावर हे जगतात.
चकाचक टाकीत मासा मरतो साहेब.

घर मात्र शर्वरीनं घासून काढलं.
नेहरूनगर, तिसरा मजला, अकरा वर्षं भाड्याचं.
अनामत कापायला मालकाला निमित्त नको.
ओट्यामागचा तेलाचा थर गेला,
मग स्विचबोर्डाशेजारी पेन्सिलीनं लिहिलेले नंबर:
गॅसवाला, डॉक्टर दळवी,
रात्रभर उघडं असणारं औषधाचं दुकान,
आणि एक नुसताच नंबर, नाव नसलेला,
दोघांनाही आठवेना कुणाचा.
तो तिनं सगळ्यात शेवटी पुसला.

पहाटे तीनला निघालो.
बदली तिची, गाडी तिची, स्टिअरिंगवरही तीच.
माझ्या मांडीवर थर्माकोलचा खोका,
पायांमध्ये श्रीखंडाचा डबा,
मागे उशांच्या ढिगात स्वरांगी.
खोक्यात अंधार. अंधारात ते गप्प राहतात.
नागपूर आठशे किलोमीटर.

"खड्डा," शर्वरी म्हणायची.
मी खोका दोन बोटं वर उचलून धरायचो,
चाक आपटायचं,
मी खोका परत मांडीवर टेकवायचो.
विक्रोळीपर्यंत आम्ही एवढंच बोललो.
त्याआधीचे दोन महिनेही
याहून फार बोललो होतो असं नाही.

मुलुंडला नाकाबंदी.
टोल गेला, नाका उरलाय.
हवालदारानं टॉर्च मारला. खोक्यात काय?
मासे.
सुके?
जिवंत.

त्यानं उघडायची खूण केली.
झाकण बोटभर सरकवून मी म्हणालो,
साहेब, उजेड थेट नको, बिथरतात.
त्यानं टॉर्चवर तळहात ठेवला.
बोटांच्या फटींतून लालसर काहीतरी गळलं
आणि पिशवीत सहा निळ्या रेघा
पेटल्या, वळल्या, विझल्या.
मागची गाडी हॉर्न वाजवत होती.
त्यानं न बघताच तिला हात दाखवला.

आवाज खाली आणून म्हणाला,
पोचल्यावर एकदम सोडू नका हां.
आमच्या पोरीनं सोडला होता.
पुढचं त्यानं सांगितलं नाही.
मी म्हणालो, अर्धा तास पिशवी तशीच तरंगवायची,
मग नवं पाणी आत, वाटी वाटीनं.
"वाटी वाटीनं," तो म्हणाला,
कुणाचा पत्ता लिहून घ्यावा तसा.

ठाणं मागे पडलं.
स्पंजची पिशवी कुठेतरी झिरपत असावी,
गाडीत वास पसरला होता,
शेवाळाचा, नळाच्या पाण्याचा,
आमच्या बाहेरच्या खोलीचा.
शर्वरीनं काच खाली घेतली नाही.

पुढे नवा रस्ता लागला,
काळा, रुंद, तेल लावल्यासारखा.
बराच वेळ नुसती टायरची सळसळ.
मग ती म्हणाली, "खड्डा."

मी समोर पाहिलं.
दूरवर काहीच नव्हतं.
मी खोका उचलून धरला.